लाल वर, पिवळा खाली

शिट्टी ऐकू आली तशी ती गर्रकन वळली आणि मोठ्याने म्हणाली, "आले रे!" दोन आखूड आणि एक लांब, शेवटी वर चढून मोडणारी. चाळीस वर्षं ऐकलेली शिट्टी. तिला ओ द्यायला डोकं लागत नाही, मान आपोआप वळते. पण मागे कोणी नव्हतं. रुग्णालयाच्या मागचं पार्किंग, दुपारचे साडेतीन, खडी अंथरलेलं भलंमोठं उघडं मैदान, उन्हात तापलेल्या मोटारी, आणि एका मोटारीत सीट मागे टाकून तोंड उघडं ठेवून झोपलेला ड्रायव्हर. तो काही शिट्टी वाजवण्याच्या अवस्थेत नव्हता. आणि जो ही शिट्टी वाजवायचा तो तिचा दादा इथून वीस मिनिटांवर, आपल्या घरात, भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. पाच महिन्यांत त्याने शिट्टी तर सोडाच, कुणाला धड हाकही मारली नव्हती. तिच्या हातात त्याच्या रिपोर्टांचं पाकीट होतं, अजून न उघडलेलं. अंगावर सर्रकन काटा आला. माणूस जाताना जवळच्यांना हाक मारून जातो, असं लहानपणी कुणीतरी सांगितलेलं असतं. एरवी ती असल्या गोष्टींना हसायची, पण त्या क्षणी हसू कुठलं यायला! तिने वहिनीला फोन लावला. "काय करतोय गं तो?" "काय करणार? भिंत बघतायत," वहिनी म्हणाली. "मिळाले का रिपोर्ट, ताई? मग तसेच घेऊन या आणि तुम्हीच बोला त्यांच्याशी. गुरुवारी औषधांची दुसरी फेरी सुरू करायची की नाही, ते उद्या सकाळपर्यंत कळवायचंय डॉक्टरांना. हे नाहीच म्हणतायत. माझं म्हणजे भिंतीला सांगितल्यासारखं आहे. तुमचं ऐकतील." फोन ठेवता ठेवता शिट्टी पुन्हा वाजली. या वेळी ती दिव्याच्या खांबावरून आली.

खांबावर एक मूठभर पक्षी बसला होता. मातकट, चिमणीहून जरा मोठा, डोक्यावर मागे वळलेला टोकदार तुरा. त्याने गळा फुगवला आणि आधी काहीतरी आपलंच किलबिल केलं, मग कुठल्यातरी मोटारीचं कुलूप उघडताना होतो तसा आवाज काढला, आणि मग, अगदी सहज, दादाची शिट्टी. चंडोल! ती जागच्या जागी उभी राहिली. तिच्या हाताखालून या पक्ष्यांच्या रक्ताचे थेंब लावलेल्या हजारो काचा गेलेल्या, पण जिवंत चंडोल इतक्या जवळून तिने पाहिला असेल तो चार-पाच वेळा, तेही दादाच्या मुठीत. पक्षी खाली उतरला आणि खडीवरून चालू लागला. चिमणीसारखा टुणटुणत नाही, चालतो, एक पाय मग दुसरा पाय, कामाला निघालेल्या माणसासारखा. पायांत काहीतरी चमकलं. उजव्या पायात धातूची कडी. डाव्या पायात दोन रंगीत कड्या, लाल वर, पिवळा खाली. तिने दोनदा पाहिलं, चष्मा पदराने पुसला आणि तिसऱ्यांदा पाहिलं. मग ती एका अनोळखी मोटारीला टेकून उभी राहिली, कारण हा पक्षी मेलेला होता. तिने स्वतः, आपल्या अक्षरात, वहीत तसं लिहिलं होतं.

आता वहीचं सांगायचं तर दादाचं सांगावं लागतं. दादा जाळेवाला. शेतांतल्या पाखरांची पाहणी करणारी एक संस्था आहे, तिथे बावीस वर्षं तो पक्षी पकडायचं काम करत आला. भल्या पहाटे बांधावर बारीक जाळं उभं करायचं, अडकलेला पक्षी अलगद सोडवायचा, वजन करायचं, पंख मोजायचे, पिसांवर फुंकर मारून उवा-गोचिड्या बघायच्या, पायात कड्या घालायच्या, पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचेवर ओढायचा आणि पक्षी सोडून द्यायचा. जाळ्यात काही पडलं की शेताच्या पलीकडच्या सोबत्याला बोलवायला तो हीच शिट्टी वाजवायचा. ही शिट्टी मूळची गल्लीतली. लहानपणी तो खालून वाजवायचा आणि ती वरून धावत यायची. काचा डब्यात भरून शनिवारी तिच्या टेबलावर यायच्या. ती खिडकी नसलेल्या खोलीत बसून त्या रंगवायची, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि मोजायची. तिची बोटं कायम निळी-जांभळी. "आम्ही चिखल तुडवायचा," दादा म्हणायचा, "आणि आमच्या मोजणीबाईंनी उंटावरून शेळ्या हाकायच्या." मोजणीबाई हे नाव मग संस्थेत सगळ्यांनी उचललं. तिला ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला. मोजणं हा तिचा अभिमान होता. आकडा एकदा तिने सांगितला की संस्थेचे सर पुन्हा तपासायचे नाहीत.

आणि मोजायचं तरी काय? पाखराच्या रक्तातले लांबट दाणे, प्रत्येकाच्या पोटात जांभळा ठिपका, आणि मधूनच एखाद्या दाण्यात त्या ठिपक्याला मिठी मारून बसलेला दुसरा कोणीतरी, वाकडा, फिकट निळा. रक्तातला परजीवी, पण ती त्याला म्हणायची पाहुणा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि तिला घाण वाटली होती. नंतर नंतर घाण गेली आणि राहिलं ते नुसतं आश्चर्य, जे बावीस वर्षांत एक कणभर कमी झालं नाही. एवढंसं पाखरू, त्याचा एवढासा थेंब, त्या थेंबात हे गाव वसलेलं! हिवाळाभर हे पाहुणे रक्तात जवळजवळ दिसत नाहीत. आत कुठेतरी, काळजाच्या-यकृताच्या सांदीत, अळीमिळी गुपचिळी करून बसतात. बाहेर दिवस मोठा होऊ लागतो, पाखराचा गळा सुटतो, ते गायला लागतं, आणि त्याच दिवसांत हे पुन्हा रक्तात उतरतात, कारण आता डास-चिलटं येणार आणि आपल्याला पुढच्या पाखरात घेऊन जाणार. ज्याला डोळे नाहीत, कान नाहीत, डोकं नाही, त्याला ऋतू कळतो! एकदा दादाकडून काच वाळवायला उशीर झाला होता. थेंबाला वारा लागला, तो जरा गार झाला, आणि आतल्या पाहुण्यांना वाटलं आपण डासाच्या पोटात पोचलो. त्यांनी दाणे फोडले, आठ-आठ चाबूक बाहेर काढले आणि वाळेपर्यंत ते नाचत राहिले. काचेवर त्या नाचाच्या खुणा तशाच राहिल्या होत्या. ती काच तिने कुणाला न सांगता ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. कधीमधी मन फार खचलं की काढून बघायची. देव मानणाऱ्यांतली ती नव्हती, पण ती काच बघताना हात जोडावेत असं वाटायचं हे मात्र खरं.

लाल-वर-पिवळ्याचा थेंब आला तेव्हा मात्र ती हबकली होती. शंभर दाण्यांमागे अकरा पाहुणे. हजारात पाच निघाले तरी ती भुवया उंचवायची. शंभरात अकरा म्हणजे घरात जिकडे बघावं तिकडे पाहुणेच. तिने पुन्हा मोजलं, दुसऱ्या कोपऱ्यातून मोजलं. अकरा. पुढच्या शनिवारी दादा काचा घेऊन आला तेव्हा ती म्हणाली, "हा तुझा चंडोल काही हिवाळा काढत नाही." दादा हसला. "अगं, तो माझी शिट्टी वाजवतो! मी इकडून वाजवली की तो तिकडून वाजवतो. परवा सोबती फसून पळत आला बिचारा." "तुझ्या कानात मळ साठलाय," ती म्हणाली. त्यानंतर दोन हंगाम तो चंडोल कुणालाच दिसला नाही. पावसाच्या तोंडावर हंगामाची वही लावताना तिने त्याच्या नावापुढे 'मृत' लिहिलं. तिथे लिहायचं असतं 'दिसला नाही'. हा नियम दादानेच घालून दिलेला, बावीस वर्षांपूर्वी: मेलेला पक्षी हातात आल्याशिवाय मृत लिहायचं नाही, आणि दिसला असं लिहायचं तर दोघांनी पाहिलेलं पाहिजे, एकट्याने पाहिलेलं धरायचं नाही. तिला नियम पाठ होता. पण अकराचा आकडा तिने स्वतः काढलेला, हाताच्या काकणाला आरसा कशाला! वही बघून दादा इतका भडकला की शिपाई दारात येऊन उभा राहिला. "हातात आला का तुझ्या? मग? दिसला नाही म्हणजे दिसला नाही! मेला म्हणायला तू कोण?" ती म्हणाली, "रक्त मी पाहिलंय, तू नाही." त्या रात्री तिला वाईट वाटलं होतं, पण शब्द खोडला नाही.

आणि मग तीन महिन्यांनी दादाचं स्वतःचंच रक्त. आधी नुसता थकवा, मग जाळं उचलताना दम, मग कारणाशिवाय अंगावर निळे डाग. रुग्णालयातली काचा बघणारी बाई तिच्या ओळखीची निघाली. एकाच धंद्यातली माणसं एकमेकांना वासावरून ओळखतात. "बघू का जरा?" असं तिनेच विचारलं. विचारायला नको होतं. हे आता कळतंय, पण जित्याची खोड ती. डोळा लावला आणि बोटं आपोआप मोजू लागली. माणसाच्या रक्तातल्या लाल दाण्यांत ठिपका नसतो, तिला ते उजाड वाटायचं नेहमी. पण इथे जे भलते, मोठाले, अर्धे कच्चे पांढरे दाणे दाटीवाटीने उभे होते त्यांनी काच भरून गेली होती. तिने शंभर मोजले. आकडा आला तो आला. बाहेर बाकावर दादा बसला होता, वहिनीचा रुमाल हातात घेऊन. "किती?" त्याने विचारलं. तिने त्याची पिशवी उचलली, तिची उघडी राहिलेली चेन लावली, बाटलीचं झाकण घट्ट केलं. त्याने तिच्याकडे बघितलं, मग मान वळवली आणि पुन्हा काही विचारलं नाही. औषधांची पहिली फेरी त्याने घेतली ती वहिनीसाठी. डॉक्टर म्हणाले, काहींना दुसऱ्या फेरीत लागू पडतं, काहींना नाही, आधी सांगता येत नाही. दादा म्हणाला, बास. आणि ती? ती दर रविवारी जायची, चादरी बदलायची, फळं कापायची, हलक्या आवाजात बोलायची, आणि त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. कुणी तरी गेल्यावर घरात वावरावं तसं ती तो असतानाच वावरत होती. हे तिचं तिला त्या खडीवर उभं असताना पहिल्यांदा स्पष्ट दिसलं आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

समोर चंडोल खडी उलथून किडे टिपत होता. नऊ किलोमीटरवरच्या शेतांतून इथे कशाला आला? उघडी, खडबडीत, दूरवर दिसणारी जमीन हवी असते त्यांना. ती इथे मिळाली असेल. लोक बांधाबांधाने दुर्बिणी लावून शोधत राहिले आणि हा इथे मोटारींच्या सावलीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि ते अकरा? ते गेले नसणार, ती पक्कं जाणत होती, एकदा घुसलेले पाहुणे जन्मभर जात नाहीत. ते या क्षणी त्याच्या आत होते. त्या बोटभर छातीत ते सगळं गाव घेऊन तो चालत होता, किडे टिपत होता, ऊन खात होता, आणि मध्येच मान वर करून तिच्या भावाची शिट्टी वाजवत होता. त्याला कुणी आकडा सांगितला नव्हता. ती बघतच राहिली. डोळ्यांतून पाणी वाहतंय हे तिला ड्रायव्हर जागा होऊन "बाई, बरं वाटत नाही का? आत नेऊ का तुम्हाला?" म्हणाला तेव्हा कळलं. "बरं आहे," ती म्हणाली, "फार बरं आहे." मोटारीचं दार आपटलं तसा पक्षी उडाला. ड्रायव्हरला विचारावं, तुम्ही पाहिलात का, असं तिच्या ओठांवर आलं, पण तो डोळे चोळत पाणी प्यायला निघूनही गेला होता.

दादाच्या घरी पोचेपर्यंत साडेचार वाजले. वहिनीने दार उघडलं आणि आधी पाकिटाकडे बघितलं. दादा तसाच, भिंतीकडे तोंड करून. "काय म्हणतायत रिपोर्ट, मोजणीबाई?" तो न वळता म्हणाला. तिने पाकीट कपाटावर ठेवलं. पलंगाजवळची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "लाल-वर-पिवळा दिसला."

दादा तिच्याकडे कुशीवर वळला. गाल बसलेले, डोक्यावर केस नाहीत, पण डोळे तेच, जाळेवाल्याचे. "कुठल्या पायात?"

"डाव्या. उजव्यात धातू."

"लाल वर का पिवळा वर?"

"लाल वर. तीनदा बघितलं."

"तुरा?"

"होता. चालत होता. रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये, खडीवर."

"ह्या! पार्किंगमध्ये!" तो वैतागून म्हणाला. "मला बनवू नकोस. हिने शिकवून पाठवलंय तुला. आजारी माणसाला गोष्टी सांगा, म्हणजे तो औषध घेईल."

"मी काही शिकवलं नाही हं," दारातून वहिनी म्हणाली. "मला तर कळतही नाहीये तुम्ही कुणाबद्दल बोलताय."

"दादा, तो तुझी शिट्टी वाजवत होता."

"कशी?"

आता आली का पंचाईत! तिला आयुष्यात शिट्टी वाजवता आली नाही. लहानपणी त्याने शिकवायचा चंग बांधला होता आणि शेवटी हात टेकले होते. तिने ओठ चंबूसारखे केले आणि फुंकलं. नुसती हवा. पुन्हा फुंकलं, दोन आखूड कशाबशा निघाल्या, तिसरीला थुंकीच उडाली. वहिनी फसकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. दादाने डोळे मिटले. "तिसरी वर जाते, गाढवे," तो म्हणाला, आणि उशीवर पडल्या पडल्या त्याने वाजवली. अर्धीच निघाली, दम पुरला नाही, शेवटचा मोड कोरडाच गेला. पण वाजवली.

"अगदी अशीच," ती म्हणाली. आणि मग जे पाच महिने घशात अडकलं होतं ते बाहेर पडलं, जसं आलं तसं. "दादा, मी तुलापण लिहून टाकलं होतं. त्याच्यासारखंच. काच बघितली त्या दिवशीच."

"माहितेय मला," तो म्हणाला. "तुझा चेहरा म्हणजे उघडी वही. चेन लावत बसली होतीस पिशवीची." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. मग त्याने विचारलं, "लागू पडेल का गं हे दुसरं औषध?"

हो म्हणावं, असं वहिनीचे डोळे दारातून तिला सांगत होते. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "खरंच नाही माहीत. शंभरात अकरा असलेला पक्षी गाऊ शकतो, हेसुद्धा मला आज दुपारपर्यंत माहीत नव्हतं."

दादा छताकडे बघत राहिला. "तुझ्याबरोबर कोण होतं?"

"कुणी नाही. एक ड्रायव्हर होता, पण झोपलेला."

"मग नाही धरता येत," तो म्हणाला. "एकट्याने पाहिलेलं धरायचं नाही."

"म्हणून तर आले," ती म्हणाली. "दुसरा कोण आणू?"

गुरुवारी सकाळी ते तिघं आठलाच पार्किंगमध्ये हजर होते. औषधाची वेळ दहाची, वहिनीने डॉक्टरांना तसं कळवून ठेवलं होतं. दादाच्या अंगात जाड स्वेटर, डोक्याला कानटोपी, मांडीवर ती जुनी दुर्बीण, जी उचलायला त्याला दोन्ही हात लागत होते. चाकाच्या खुर्चीवर बसायला तो आधी तयार नव्हता. खडीवर चाक रुतलं तेव्हा त्याने वहिनीला चार गोष्टी सुनावल्या, आणि आपल्याला कुणीतरी पुन्हा रागावतंय याचा वहिनीला इतका आनंद झाला की तिने उलट उत्तरसुद्धा दिलं नाही. मोजणीबाईंनी वही आणली होती, संस्थेतून, सरांना सांगून. लाल-वर-पिवळ्याचं पान उघडून मांडीवर धरलं होतं. नऊ वाजले. खांबावर कावळा येऊन बसला आणि गेला. मोटारी भरू लागल्या. साडेनऊला तिची पाचावर धारण बसली. नसेल येत तर? आपल्यालाच भास झाला असेल तर? ऊन, न उघडलेलं पाकीट, आणि चाळीस वर्षांची सवय. कान काहीही ऐकतील. तिने चोरून दादाकडे बघितलं. तो मात्र निवांत होता. बावीस वर्षं जो माणूस जाळ्याशेजारी बसून राहिला त्याला दीड-दोन तासांचं काय!

पावणेदहाला एक परिचारिका दारात येऊन हात हलवू लागली. वहिनी खुर्चीकडे वळली. "थांब," दादा म्हणाला. त्याने श्वास घेतला, ओठ ओले केले आणि वाजवली. या वेळी तिन्ही निघाल्या, बारीक, कापऱ्या, पण शेवटची वर चढली आणि जिथे मोडायची तिथे मोडली. ती "आले" म्हणायच्या बेतात होती. पण तिच्या आधी उत्तर आलं. वरून, उंचावरून, सूर्याच्या दिशेने कुठूनतरी: दोन आखूड, एक लांब. आणि मग थांबलंच नाही ते. वर वर चढत, किलबिल, मोटारीचं कुलूप, पुन्हा शिट्टी, पुन्हा किलबिल, जणू त्या एवढ्याशा छातीत जे काही होतं नव्हतं ते सगळं एकदम सुटलं होतं. दिवस मोठा होऊ लागला होता. त्याचा गळा सुटला होता, आणि आत ते अकराही आता रक्तात उतरले असतील, हे तिला माहीत होतं, आणि तरीही, किंवा त्यांच्यासकट, तो गात होता. दादाने मान मागे टाकली होती. तोंड उघडं, कानटोपी घसरलेली, ऊन थेट डोळ्यांत. "ऐकलंस?" तो वहिनीला म्हणाला. "माझी आहे ती. माझी!" वहिनीने मान हलवली. त्याने दुर्बीण उचलली, पण समोर नुसतं झगझगीत ऊन होतं, पक्षी त्या उजेडात कुठे होता ते तिघांपैकी कुणालाच दिसत नव्हतं.

परिचारिका आता हाका मारू लागली होती. मोजणीबाईंनी पेन काढलं. "मृत खोडू ना?"

"रेघ मार. खालचं दिसलं पाहिजे. आणि सही कर."

तिने रेघ मारली, सही केली. "आणि पुढे काय लिहू? ऐकलेलं धरतात का?"

"छे!" दादा म्हणाला. "कड्या बघितल्याशिवाय कसं धरायचं? दिसला नाही, लिही." त्याने दुर्बीण तिच्या हातात दिली, स्वेटरची बाही वर सरकवली आणि वहिनीला दाराकडे चल म्हणून खूण केली. "पुढच्या गुरुवारी परत यावं लागणार आता."